भरून झालेला दंड

सुखीबाई आडेच्या घरी सकाळी बोलायला कुणाला सवड नसते. तव्यावर ज्वारीची भाकर, दुसऱ्या शेगडीवर पूनमसिंगच्या डब्याची तुरीची डाळ, आणि डाळ जरा बाजूला सरकवली की त्याच शेगडीवर चहा. लोहाऱ्याला एमआयडीसीच्या मागे त्यांच्या दोन खोल्या आहेत, आणि गेली कित्येक वर्षं त्या खोल्यांत सकाळ अशीच उजाडत आलेली. पूनमसिंगला सुताच्या कारखान्यात गाठी उचलायला पहिल्या पाळीला जायचं असतं, सुखीबाईला शाळेची बस गाठायची असते. शाळेनं दिलेला मरून रंगाचा कोट रात्री धुऊन खिडकीच्या गजाला टांगलेला असतो. तो लुगड्यावर चढला की सुखीबाईची मावशी होते, बसमधल्या चाळीसेक लेकरांची एकच मावशी.

त्या दिवशी भाकर तव्यावर फुगायला आली होती आणि दाराची कडी वाजली.

दूधवाला कडी वाजवत नाही, रस्त्यावरूनच ओरडतो. शेजारीण तर सरळ शेगडीपाशी येऊन बसते. कडी वाजवणारं माणूस परकंच असायचं. पूनमसिंग मोरीच्या भिंतीला आरसा टेकवून दाढी करत होता. त्यानं एका गालाचा साबण तसाच ठेवून दार उघडलं. बाहेर खाकी कपड्यातला माणूस उभा, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद.

पोलीस पाहून सुखीबाई घाबरली नाही. उलट तिला बरंच वाटलं. शाळेनं दोन महिन्यांमागे सगळ्या बसवाल्यांचे, मावश्यांचे, शिपायांचे कागद घेतले होते. आता लेकरांच्या जवळ काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी लागणार, त्याशिवाय कुणाला बसवर चढू देणार नाही, असं सांगून झालं होतं. बाकीच्यांकडे पोलीस येऊन गेले, हिच्याकडेच यायचे राहिले होते. तिनं खुर्चीवरचे कपडे उचलले, पदरानं खुर्ची पुसली आणि चहात अजून कपभर पाणी ओतलं.

पोलिसाचं नाव धर्मपाल. बोलायला गोड माणूस. बूट दाराबाहेर काढून आत आला, बशीत चहा ओतून प्यायला, वर चहा छान झाला म्हणाला. किती वर्षं इथं राहता, नवरा काय करतो, शेजारी कोण, असं विचारत विचारत त्यानं कागदावर खुणा केल्या. मग बशी खाली ठेवली आणि ढाणकीकडचेच का तुम्ही, म्हणून विचारलं. सुखीबाई हो म्हणाली. तांडा तिकडचाच, उमरखेड तालुक्यातला.

"मावशी," धर्मपाल म्हणाला, "तुमी अर्जात लिहिलं, आपल्यावर कोणताच गुन्हा नाई."

"नाई न."

"तिकडच्या ठाण्यातून रिपोर्ट आला. दारूबंदीची केस हाये तुमच्या नावानं. शिक्षा झालेली."

सुखीबाईला क्षणभर कळेना की हा कशाबद्दल बोलतोय. मग कळलं, आणि ती हसली. धर्मपालची कीव आल्यासारखी हसली.

"ते तं संपलं, भाऊ. दंड भरला न मी."

"दंड भरला, त्यालेच शिक्षा म्हणते मावशी. नसता भरला तं सुटला असता तुमी."

तव्यावरची भाकर करपल्याचा वास सगळ्यात आधी पूनमसिंगला आला. त्यानं साबणाच्याच हातानं ती उचलून परातीत टाकली. धर्मपाल उठला. माझ्या हातात काही नाही, जे आहे ते लिहावं लागतं, असं तो दोनदा म्हणाला. बूट घालताना खाली पाहूनच त्यानं अजून एक सांगितलं. केस जुनी आहे, लहान आहे, तिचं एवढं काही नाही. पण अर्जात 'नाही' लिहिलं, माहिती लपवली असा त्याचा अर्थ निघेल, आणि तेच जास्त भोवेल.

आता ही लपवलेली माहिती काय होती, ते सांगायला हवं.

चोवीस-पंचवीस वर्षं झाली असतील. सुखीबाई तेव्हा बाविशीची, संगीता तिच्या अंगावर पिणारी. तांड्यात होळी दिवाळीहून मोठी. आठ-आठ दिवस आधीपासून लेंगीची गाणी सुरू होतात, वर्षभरात ज्या घरी मुलगा झाला त्या घरी धुंडीचा, म्हणजे बाळासाठीच्या विधीचा, मान असतो, आणि पूजेला मोहाची दारू लागते. ती सगळ्या तांड्याची मिळून नाल्याच्या काठाला काढायची. कुणी मोह द्यायचा, कुणी लाकूड, कुणी पाणी. त्या वर्षी पाण्याची पाळी पूनमसिंगच्या घराची होती. तो ऊसतोडीला गेलेला, म्हणून कडेवर पोर आणि डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन सुखीबाई नाल्यावर गेली. तेवढ्यात पोलीस आले. ज्यांना पळता आलं ते पळाले. पाच पुरुष सापडले, आणि सहावी ही. कडेवर पोर घेऊन बाई पळणार किती?

तांड्याचा कारभार नायकाच्या हातात असतो. भांडण, चोरी, सोयरीक मोडली, कुणाचा बैल कुणाच्या शेतात शिरला, सगळं नायकापुढे येतं, माणसं गोल बसतात, त्या बैठकीला नसाब म्हणतात. नसाबीत ज्यानं 'हो, केलं' म्हणून दंड भरला, त्याची गोष्ट तिथंच मिटते. दंडाचा गूळ वाटतात, ज्याचं वाईट झालं त्यालाही तो खावा लागतो. गूळ खाल्ल्यावर ती गोष्ट पुन्हा तोंडातून काढायची नाही. जो काढेल त्याच्यावर उलटा दंड बसतो. आणि जो नाही-नाही म्हणत राहतो, त्याची गोष्ट मात्र वर्षानुवर्षं चघळली जाते.

धरमसिंग नायक पिढीजात शहाणा माणूस. त्यानं पुरुषांना सांगितलं, तुम्ही केस लढा. सुखीबाईला म्हणाला, तू लेकुरवाळी, उमरखेडच्या तारखांना कुठं हिंडत बसशील, तू हो म्हण, दंड भर आणि मोकळी हो. जे नसाबीत शहाणपणाचं, ते कोर्टातही शहाणपणाचं असणार, यात कुणाला शंका आली नाही. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. ती हो म्हणाली. कुणी दबाव आणला का, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. ती नाही म्हणाली. पोर रडत होतं, म्हणून तिला लवकर सोडलं. घरी आल्यावर नायकानं तांड्यात गूळ वाटला.

त्यानंतर एकदाही कुणी तो विषय काढला नाही. सासूनं भांडणात सुखीबाईचं माहेर काढलं, रंग काढला, तिच्या हातची कढी काढली, पण ते काढलं नाही. पूनमसिंगनंही नाही. तिच्या स्वतःच्या मनातूनही ते निघून गेलं, जसं फेडलेलं उसनं पीठ निघून जातं.

आणि पाच पुरुष? ते आठ-नऊ वर्षं तारखांना गेले. एस्टीनं जायचे, कोर्टाबाहेर कचोरी खायचे, परत यायचे. शेवटी पोलिसांचे पंच म्हणाले, अंधार होता, आम्ही कुणाला ओळखलं नाही. पाचही जण निर्दोष. त्यांतला एक सुखीबाईचा दीर बादल. त्याच्या आज दोन जीपगाड्या आहेत, आणि त्याच्या चारित्र्याच्या दाखल्यावर शाईचा एक डाग नाही.

अर्ज मोबाईलवर भरून दिला होता बसचा ड्रायव्हर इंद्रजित यानं. एकेक प्रश्न मोठ्यानं वाचत होता. मावशी, जन्मतारीख. मावशी, आधार. मावशी, केस-बिस काही आहे का? नाही रे बाबा, असं म्हणून ती बसमधल्या आभाच्या वेणीची रबरं शोधायला लागली होती. तिनं तेव्हा काही लपवलं, असं म्हणता येणार नाही. जे संपलं, ते सांगायचं नसतं, हे तिच्या हाडात होतं.

त्या दिवशी ती नेहमीसारखी बसवर गेली. आभा पहिलीतली. दारव्हा रोडच्या वळणावर तिला हमखास उलटी येते, म्हणून सुखीबाई तिला ड्रायव्हरच्या मागे खिडकीशी बसवते आणि गालात आवळासुपारी देते. सलील नावाचा एक ठेंगणा मुलगा आहे. त्याला 'उतरा सलीलसाहेब' म्हटल्याशिवाय तो पायरीवरून पाय खाली टाकत नाही. सगळी मुलं उतरली की सुखीबाई शेवटच्या बाकापर्यंत जाते, प्रत्येक बाकाखाली वाकून पाहते. पहिल्या वर्षी एक लेकरू झोपून राहिलेलं तिला असंच सापडलं होतं. तेव्हापासून पाहते. त्या दिवशीही तिनं पाहिलं. फक्त शेवटच्या बाकाशी ती जरा जास्त वेळ उभी राहिली, इंद्रजितनं हॉर्न वाजवीपर्यंत.

आठवड्यानं दाखला शाळेत आला. मुख्याध्यापिका कुंदा मॅडमनी तिला बोलावलं. मॅडम बावीस वर्षं शाळेत, नवरा बँकेत, सासरे तहसीलदार होऊन गेलेले. नियम पाळत आणि माणसं सांभाळत आयुष्य काढलेली बाई. त्यांनी सुखीबाईला बसायला सांगितलं. एरवी ती उभीच असायची, म्हणून खुर्ची पुढे आल्यावरच तिला कळलं की बातमी चांगली नाही.

दाखल्यावर ठाण्याचं नाव, कलमाचा आकडा आणि 'दोषसिद्ध' एवढंच होतं. खाली धर्मपालच्या साहेबाचा शेरा, अर्जदारानं माहिती दडवली. मॅडमनी विचारलं, काय होतं हे? सुखीबाईच्या तोंडाशी सगळं आलं. नाला, गुंडी, संगीता. पण गूळ खाऊन संपवलेली गोष्ट परक्यापुढे उकलायची म्हणजे काय, हे मॅडमना कसं कळणार? ती एवढंच म्हणाली, जुनं आहे मॅडम, दंड भरून झाला. मॅडमनी वाट पाहिली. पुढे काही आलं नाही, तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि सांगितलं, तूर्तास बसवर नको. पाण्याच्या टाकीकडे, डबे धुवायच्या जागी बस. काही मार्ग निघतो का पाहू.

आता ती डबे धुवायच्या जागी बसायला लागली. तिथून मैदान दिसतं, बस मात्र दिसत नाही, फक्त थांबल्याचा आवाज येतो. सलील मधल्या सुट्टीत खिडकीशी आला. मावशी, तू काहून येत नाहीस? पाय दुखून राह्यला, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तो येऊन पायाकडे पाहून गेला.

बातमी कशी फुटली ते कुणाला सांगता येणार नाही. पालकांचा मोबाईलवर ग्रुप आहे. त्यावर कुणीतरी लिहिलं, बसवाल्या बाईवर क्रिमिनल केस निघाली. आभाची आई गौरी हिनं साधा प्रश्न टाकला, कसला गुन्हा आहे, कुणाला माहीत आहे का? कुणालाच माहीत नव्हतं. कुणी हात जोडलेले चित्र टाकलं, कुणी दुसऱ्या गावच्या एका बसमध्ये लेकराशी झालेल्या वाईट प्रकाराची बातमी टाकली, कुणी म्हटलं, बरं झालं वेळेवर कळलं. इंद्रजितची बायकोही त्या ग्रुपवर. तिच्या मोबाईलवरून इंद्रजितनं सगळं वाचलं आणि सुखीबाईला गौरीच्या प्रश्नापुरतं थोडंसंच सांगितलं. बाकीचं तिनं त्याच्या तोंडावरून ओळखलं.

एका दुपारी गौरी आभाला न्यायला स्वतः आली. सुखीबाई फाटकाशी होती. हीच गौरी दर दिवाळीला डबाभर फराळ द्यायची, पावसात छत्रीखालून लेकराला तिच्या हातात सोपवायची. आज तिनं मान हलवली, हसलीही. फक्त आभाचा हात या हातातून त्या हातात घेतला आणि पोरीला पलीकडच्या बाजूनं चालवलं. सुखीबाईनं ते पाहिलं. आपली संगीता लहान असती तर आपणही तेच केलं असतं, असं तिच्या मनात आलं, आणि त्यामुळे रागवायचीही सोय राहिली नाही.

बादलला कळलं तसा त्याचा फोन आला.

"भाभी, मी तवाच म्हटलं होतं, हो म्हणू नको."

"तू कवा म्हटलं? तू तं कोर्टाच्या मांगं कचोरी खाऊन राह्यला होता."

बादल हसला. म्हणाला, वकील लाव, मी पाहतो पैशाचं. पण वकील मॅडमनीच गाठून दिला. यज्ञेश्वर वकील, मॅडमचे दीर. दत्त चौकाजवळ जुन्या घराच्या पुढच्या खोलीत बसतात. तिसऱ्या पिढीची वकिली, फी घेणार नाही म्हणाले. पूनमसिंगनं रजा काढली आणि दोघं गेले. खोलीत पुस्तकांची कपाटं, पंख्याची घरघर. पूनमसिंग खुर्चीच्या टोकावर बसला होता, उठायला सांगितलं तर पटकन उठता यावं म्हणून.

वकिलापुढे मात्र सुखीबाई बोलली. वकिलाला सांगावं लागतं, डॉक्टरला दाखवावं लागतं तसं. यज्ञेश्वरांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकेक दार उघडून दाखवलं आणि एकेक बंद केलं. अपील करता येतं, पण त्याची मुदत कधीच गेली. उशीर माफ करा म्हणावं तर कोर्ट विचारील, इतकी वर्षं कुठं होतात? शिवाय गुन्हा कबूल केलेल्या माणसाला कशाविरुद्ध अपील करायचं? वहिनींनी दिलेल्या दाखल्यावरून मी फाइल मागवून पाहिली, ते म्हणाले. फाइल नाही. इतक्या लहान केसचे कागद ठरावीक वर्षांनी नष्ट करतात.

सुखीबाईचा जीव भांड्यात पडला. कागदच नाही, तर गुन्हा कुठला?

ते तसं नाही, असं वकील म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच ते बोलायला जड जात होतं. कोर्टातले कागद गेले, पण ठाण्यातली नोंद राहते. म्हणजे काय केलं होतं, ते सांगणारा कागद गेला. केलं होतं, एवढं सांगणारा राहिला.

राज्यपालांकडे माफीचा अर्ज करता येतो, ते पुढे म्हणाले. फाशीची माणसं करतात तो. तुम्हालाही करता येईल, मी फुकट लिहून देईन. मुंबईला जाईल, तिथून गृहखात्यात, तिथून खाली पोलिसांकडे अहवालाला, परत वर. शिक्षा तर भोगून झाली, आता माफ काय करायचं, असा प्रश्न तिथं कुणीतरी नक्की काढील. उत्तर येईस्तोवर बसमधली लेकरं कॉलेजात जातील. सुरुवातीलाच तुम्हाला वकील मिळाला असता, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडा असं कुणी एक वाक्य म्हटलं असतं, तर कदाचित आज हे आडवं आलं नसतं.

मग ते म्हणाले, "तुमच्या जातीच्या दाखल्यावर विमुक्त लिहिलेलं असतं ना? इंग्रजांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या होत्या. स्वातंत्र्यानंतर तो कायदाच रद्द झाला. लाखो माणसांच्या कपाळावरचा शिक्का पुसला. एकट्या माणसाचा पुसायला मात्र कायद्यात कलम नाही."

"मंग मी एकटी कायले झाली?" सुखीबाई म्हणाली.

घरातून यज्ञेश्वरांच्या बायकोनं चहा पाठवला. तो तिघांनी घेतला.

रविवारी सुखीबाई एकटीच तांड्यावर गेली. धरमसिंग नायक आता फार थकलेला. बाजेवर बसून असतो, डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं पाया पडून आपलं नाव सांगितलं, तेव्हा त्यानं तिचं डोकं चाचपलं. याडी, बैस, म्हणाला. त्यांच्याकडे आईला याडी म्हणतात, आणि म्हातारे लेकीसुनांनाही मायेनं तसं म्हणतात. काय झालं ते तिनं हळूच सांगितलं, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून.

म्हातारा बोटांनी बाजेची सुतळी ओढत बसला. मग म्हणाला, आजच नसाब बसवतो. सगळा तांडा सांगेल, सुखी निर्मळ आहे, अंगठे देईल. तो कागद शाळेत ने. तिनं समजावलं, नायक, तिथं आपला अंगठा चालत नाही. इतक्या वर्षांत त्याला असं कुणी तोंडावर म्हटलं नसेल. त्यानं ते ऐकून घेतलं. त्याचे ओठ हलत होते, जणू तो जुना निवाडा पुन्हा एकदा घोळवून पाहत होता, चूक कुठं झाली ते शोधत.

"मीच चुकलो," तो म्हणाला. "गूळ आपण खाल्ला. कोर्टानं कुठं खाल्ला?"

घरातून सुनेनं वाढलेलं जेवून सुखीबाई निघाली. परतीच्या एस्टीत ती त्याच वाक्यावर बसून राहिली. कोर्टानं गूळ खाल्लाच नाही, म्हणजे त्यांच्या लेखी गोष्ट संपलीच नाही. ती अजून चालू आहे, आणि आपण एकट्याच ती संपली म्हणून तोंड शिवून बसलो. पण चालू आहे म्हणून बोललं, तर तांड्यात आपण गूळ मोडला असं होईल. नाही बोललं, तर गौरीच्या मनात आपण कोण जाणे कुठल्या लेकराचं काय केलेली बाई आहोत. दोन्हीकडून दार आतून लागलेलं. दिग्रसला दिलेल्या संगीताचा फोन आला, तोही तिनं गाडीच्या आवाजाचं निमित्त करून लवकर ठेवला. पोरीला अजून काहीच माहीत नव्हतं. कडेवर तीच होती, तरी.

महिनाअखेरीला मॅडमनी पुन्हा बोलावलं. या वेळी खोलीत मंदार देशमुखही होते, पालकांचे प्रतिनिधी, पाटबंधारे खात्यात इंजिनीअर. भला माणूस. त्यांना तिथं बसायला कसंसंच होत होतं. समोरच्या पेपरवेटशी त्यांचा चाळा चालला होता. यज्ञेश्वरांनी मॅडमना सगळं सांगितलं होतं, हे सुखीबाईला मॅडमच्या नजरेवरूनच कळलं. ती नजर मऊ होती, आणि त्या मऊपणाचा उपयोग नव्हता.

मॅडमनी सांगितलं ते असं. संस्थेनं निर्णय घेतलाय. नियमाप्रमाणे, ज्याच्या दाखल्यावर काही आहे, त्याला मुलांच्या जवळच्या कामावर ठेवता येत नाही. मी दोनदा लिहून पाहिलं. पण तुला काढायचं नाही, असं मी ठणकावून सांगितलं आहे. मुलं घरी गेली की वर्ग झाडायचं काम आहे, पाचपासून. पगार थोडा कमी. शाळा सुटायच्या आत मात्र फाटकाच्या आत यायचं नाही.

मंदार देशमुख म्हणाले, मावशी, आमचा तुमच्यावर वैयक्तिक राग नाही. माझी मुलगी तुमचंच नाव घेते. पण उद्या काही झालं तर लोक आम्हाला विचारतील.

सुखीबाईनं मान हलवली. तिला खरंच समजत होतं. ज्याच्या त्याच्या जागेवरून सगळे बरोबरच होते. पोलीस बरोबर, वकील बरोबर, मॅडम बरोबर, ही भली माणसं बरोबर. चुकलेलं कुणी सापडलं असतं तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. खिडकीतून बस सुरू झाल्याचा आवाज आला. नव्या मावशीचा आवाज मुलांच्या कलकलाटात बुडाला होता. शेवटच्या बाकापर्यंत जाऊन ती पाहत असेल का, हे इथून कळण्यासारखं नव्हतं, आणि विचारायचा हक्क आता उरला नव्हता.

मॅडमनी कागद पुढे सरकवला आणि सही कर म्हणाल्या. सुखीबाईनं सही केली. मग काही बोलायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. दोघांनाही वाटलं, आता ही रडेल किंवा बसवर घ्या म्हणून हात जोडेल. मंदार देशमुखांनी पेपरवेट बाजूला ठेवून तिला ते अवघड जाऊ नये म्हणून तोंड खिडकीकडे वळवलं.

सुखीबाई उभी राहिली. तिनं पदर सारखा केला. आतापर्यंत तांड्याबाहेर फक्त एका वकिलाला सांगितलेली गोष्ट तिनं तिथं सांगून टाकली. होळी, नाला, डोक्यावर पाण्याची गुंडी, कडेवर सहा महिन्यांची पोर. फार वेळ लागला नाही. तिचा आवाज एकदाच अडखळला, संगीताचं नाव आलं तिथं. दोघं ऐकत होते.

"झाडायचं काम मी करतो, मॅडम," ती म्हणाली. "बसवर घ्या असं नाई म्हणत. त्या ग्रुपवर आभाच्या मायनं इचारलं होतं, गुन्हा कशाचा. तिले कोणीच सांगितलं नाई. तुमी एवढं लिहा, का सुखीबाईचा गुन्हा होळीच्या दारूचा होता. लेकराचा नव्हता."